कोणी हाक न मारलेलं पुस्तक

आमच्या घरात सगळे स्त्रीवादी आहेत. मुलगा आहे, सून आहे, नवरा तर माझ्याही आधीपासून आहे, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. घरात इतके स्त्रीवादी झाले तरी भांडी कोणी घासायची हा प्रश्न उरतोच, आणि तो फिरून फिरून माझ्यापाशीच येऊन थांबतो.

मी कागद करते. विकतचा आणून त्यावर चित्रं काढत नाही, कागदच करते, जुन्या कपड्यांचा लगदा करून. मग त्या कागदांची पुस्तकं बांधते. उभा जन्म यातच गेला. माझी सुरुवातीची पुस्तकं तळहाताएवढी आहेत. आता ती कलादालनात काचेखाली असतात आणि त्यांच्याविषयी छापून येतं, की या कलावतीने सूक्ष्मतेचं राजकारण उभं केलं. डोंबलाचं राजकारण. घरात माझ्या वाट्याला मोकळी जागा आली ती वॉशिंग मशीनच्या झाकणाएवढी, तिथे काय दरवाजाएवढं पुस्तक करू? मशीन चालू झालं की तीही जागा थरथरायची. एका समीक्षकाने माझ्या कंप पावणाऱ्या रेषेवर दोन परिच्छेद लिहिलेत. कपडे पिळून निघत होते हो खाली, दुसरं काही नाही.

कागद कसा होतो ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगते. टाकीत पातळ लगदा असतो. त्यात जाळीची चौकट बुडवायची, आडवी वर उचलायची आणि पाणी निथळेपर्यंत हलकेच हलवायची, म्हणजे लगदा सगळीकडे सारखा बसतो. मग ती चौकट ओल्या ब्लँकेटवर उलटी टेकवायची, की कागद त्यावर उतरतो. सगळा खेळ निथळण्याच्या त्या मिनिटभराचा. तेवढ्यात मान वळवलीत की एक बाजू जाड होते आणि दुसरी पातळ. कोपरावरून थेंब ओघळून कागदावर पडला की तिथे कायमचा ठिपका.

आणि नेमकं त्याच मिनिटाला मला कोणीतरी हाक मारायचं. चुकून एखादा दिवस गेला नाही. माझा कुठलाही जुना कागद उजेडासमोर धरा, दाखवते. ही जाड बाजू म्हणजे मुलाने संडासातून “आई, झाली” म्हणून मारलेली हाक. हा ठिपका म्हणजे सासूबाईंचा चष्मा. आणि ही लांबलचक सुरकुती म्हणजे नवरा, “अगं, आपल्याकडे कात्री कुठे असते?” कात्री लग्नापासून एकाच खणात आहे.

माझी सून यावरच प्रबंध लिहिते आहे. विषय ‘व्यत्ययाचं सौंदर्यशास्त्र’, आणि उदाहरण म्हणून मी. मुलगी गुणाची आहे, खोटं कशाला बोलू. वाचन दांडगं, माझ्यावर जीव आहे, आणि माझ्या कागदातला एकेक ठिपका तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा. मी नुसती म्हणाले, “अगं, या चुका आहेत,” तर ती माझ्याकडे कनवाळूपणाने बघते, जसं काही मलाच माझं दुखणं कळलेलं नाही.

तर झालं असं, की मुलगा लग्न होऊन वेगळा राहायला गेला आणि त्याची खोली मला मिळाली. नवरा म्हणत होता तिथे पाहुण्यांसाठी पलंग ठेवू. मी म्हटलं पाहुण्यांना तुझ्या खोलीत झोपव. मोठी टाकी आणली. सुताराकडून दरवाजाएवढी चौकट करून घेतली. ती एकटीला उचलत नाही, समोर दुसरं माणूस लागतं. शेजारी एक निवृत्त पी.टी.च्या बाई राहतात, खांदे अजून मजबूत, आणि “एक, दोन, उचल” म्हणाल्याशिवाय त्यांच्याने चहाचा कपही उचलवत नाही. त्या हौसेने यायला लागल्या. लगद्यासाठी मी घरातल्या साऱ्या जुन्या चादरी काढल्या, वर्षानुवर्षं मीच धुतलेल्या.

मला एक मोठं पुस्तक करायचं होतं. मोजकी पानं, सगळी कोरी. नुसता कागद, पण असा की उजेडात धरला तर काठापासून काठापर्यंत सारखा दिसला पाहिजे. कुठे जाडी नको, ठिपका नको, सुरकुती नको. मध्येच कोणी हाक मारली नाही असं एक तरी पुस्तक मला मरण्याआधी करायचं होतं. एवढीच इच्छा, आणि ती कोणाला सांगायचीही लाज वाटावी इतकी साधी.

कलादालनाने माझं मोठं प्रदर्शन ठरवलं होतं. तिथला क्युरेटर सभ्य माणूस आहे. काहीही दाखवलं तरी आधी डोळे मिटतो आणि “अहाहा” म्हणतो, म्हणून मी मनातल्या मनात त्याला अहाहाच म्हणते. तो म्हणाला होता, मधल्या दालनात नवीन काहीतरी हवं. वेळेत झालं तर तुमचं मोठं पुस्तक ठेवू, नाही झालं तर लहान पुस्तकं आहेतच. म्हणजे पुन्हा वॉशिंग मशीनचं झाकण. माझ्या वयात पुढच्या प्रदर्शनाच्या गोष्टी करणाऱ्याला लोक मनातून हसतात.

आणि अर्धी पानं झाली असतील नसतील, तर मुलगा-सून नातीला घेऊन राहायला आले. थोडे दिवस, प्रबंध संपेपर्यंत.

नात सव्वा वर्षाची. मी तिला ठमाबाई म्हणते. गुबगुबीत, ठाम मतांची आणि रांगायला इतकी चपळ की चालायची तिला गरजच वाटत नव्हती. जीव ओवाळून टाकावा अशी पोर, पण जीव ओवाळायला मला दुपारी वेळ नव्हता. पहिल्याच रात्री जेवणाच्या टेबलावर मुलाने घसा खाकरला. काही मागायचं असलं की तो अगदी बापासारखाच खाकरतो.

“आई, हिला रोज सलग चार-पाच तास मिळाले ना, तर प्रबंध हातावेगळा होईल.”

“मिळू देत की,” मी म्हटलं.

“मग ठमीला तू बघशील ना? तूच तर नेहमी म्हणायचीस, बाईचं काम थांबता कामा नये.”

म्हणायचे खरी. कुठल्या बाईचं, ते सांगायचं राहून गेलं.

“माझंही काम चालू आहे रे,” मी म्हणाले.

“पण आई,” सून माझा हात हातात घेऊन म्हणाली, “तुमची सगळी चांगली कामं मूल सांभाळतानाच झालीत. माझं तिसरं प्रकरण त्यावरच आहे.”

माझं दुःखच माझ्या तोंडावर शिफारसपत्र म्हणून फेकलं गेलं. मी टेबलाच्या त्या टोकाला पाहिलं. तिथे माझा नवरा बसला होता. निवृत्त, धडधाकट, रक्तदाब उत्तम, दिवसभर मोकळा. तो पेपरातलं कोडं सोडवत होता.

“यांच्याकडे द्या की,” मी म्हटलं.

तिघंही माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मी पोरीला टपालपेटीत टाका म्हणाले. “बाबांना नाही हो जमायचं,” सून म्हणाली. तीच, जिच्या घरी स्त्री-पुरुषांच्या श्रमविभागणीवर भिंतभर पुस्तकं आहेत. आणि नवरा समजूतदारपणे मान डोलावून म्हणाला, “खरंय, मला सवय नाही.” असं म्हटलं की सुटका होते हे मला माहीत असतं तर मीही पस्तीस वर्षांपूर्वी म्हणाले असते.

पुढे काय झालं ते तुम्हाला दिसतंच आहे. मुलगा सकाळीच ऑफिसला जायचा, सून तिला दिलेल्या खोलीत दार लावून माझ्या व्यत्ययांवर लिहायची आणि बाहेर तिची मुलगी मला व्यत्यय आणायची. दुपारी ठमाबाई झोपली की मी पी.टी. बाईंना हाक द्यायचे, “एक, दोन, उचल” करून आम्ही चौकट वर काढायचो, पाणी निथळायला लागायचं आणि आतून रडं ऐकू यायचं. माझे हात आपोआप हलायचे. मला थांबवताच यायचे नाहीत. कागद एका बाजूला जाड व्हायचा, की तो परत टाकीत. एकदा सून दार उघडून म्हणाली, “आई, ती उठलीय वाटतं.” वाटतं म्हणे. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी ठमाबाईला उचललं. तिचा काय दोष.

तरी रेटून रेटून शेवटची दोनच पानं उरली. आणि त्याच दुपारी अहाहा स्टुडिओ बघायला येतो म्हणाला. मी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, “आज तेवढा वेळ तू तिला धर. फक्त धर. बाकी काही येत नसलं तरी चालेल.” तो म्हणाला, “एवढंच ना, मी आहे की.”

मी आणि पी.टी. बाईंनी पहिलं पान काढलं. काय उतरलं म्हणून सांगू. ब्लँकेटवर, जमिनीवर, कारण एवढा मोठा कागद टेबलावर मावत नाही. काठ न् काठ सारखा. पी.टी. बाईंनीही वाकून पाहिला. लगेच आम्ही शेवटच्यासाठी चौकट बुडवली. तेवढ्यात अहाहा आला, त्याच्यामागून सून, कडेवर ठमाबाई. नवरा शेवटी, हातात मोबाइल.

“बाबा म्हणाले ती त्यांच्याकडे राहत नाही,” सून म्हणाली, आणि अहाहाला व्यत्ययाचं सौंदर्यशास्त्र समजावून सांगायला लागली. तिला बोलताना दोन्ही हात लागतात. म्हणून तिने पोरीला खाली ठेवलं.

आमची चौकट तेव्हा नुकतीच पाण्याबाहेर आली होती, काठोकाठ भरलेली, निथळत. सोडावी तर शेवटचं पान गेलं. न सोडावी तर समोर ठमाबाई ओल्या कागदाच्या काठाशी पोचलेली. मी ओरडले, “तिला उचला कोणीतरी.”

कोणी हललं नाही. तीन धडधाकट माणसं, सहा हात. अहाहाने एक हात वर केला आणि पुटपुटला, “थांबा. तिला अडवू नका.” सुनेने दोन्ही हात तोंडावर नेले. माझा नवरा फोटो काढत होता. आणि ठमाबाई डुलत डुलत कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत गेली, मध्यावर थोडी बसली, दोन्ही तळवे आपटून पाहिले, खूश झाली आणि पलीकडे उतरली. पी.टी. बाईंच्या हातातल्या चौकटीवरून ओघळलेलं पाणी माझ्या बाहीत जात होतं. आम्ही शेवटचं पान दुसऱ्या ब्लँकेटवर उतरवलं आणि मगच मी वळले.

“अहाहा,” अहाहा म्हणाला. या वेळी त्याचे डोळे उघडे होते.

सून रडत होती. “आई, माझ्या शेवटच्या प्रकरणाला नेमकं हेच हवं होतं.”

“हाच प्रवेशद्वाराशी,” अहाहा म्हणाला. “पोस्टरवरही हाच. आजीचा कागद आणि नातीच्या खुणा. मी खरं सांगू का, बाकीची पानं बघताना मला जरा काळजी वाटत होती. त्यात तसं काहीच नाही ना.”

“नाहीच,” मी म्हटलं. “कोणी मध्ये आलं नाही, एवढंच आहे त्यात.”

“म्हणजे रिकामीच,” तो म्हणाला, अगदी मवाळपणे.

मी खाली बसून तो कागद पाहिला. गुडघ्यांचे दोन चर, छोटे छोटे तळवे, बसली तिथे एक गोल खळगा. सुंदर होता. माझ्या हातून इतकं सुंदर काही क्वचितच झालं असेल, आणि हे तर माझ्या हातून झालंच नव्हतं. एकदा वाटलं ठेवावा. मग डोळ्यांपुढे पोस्टर आलं. लोक येतील, या कागदापुढे उभे राहून त्यांचे डोळे पाणावतील, म्हणतील कशी बाई मूल सांभाळून कला करते बघा, आणि घरी जाऊन आपापल्या बायकांना, सासवांना सांगतील. माझ्या कोऱ्या पानांकडे कुत्रंही फिरकणार नाही. मला रडू आलं, आणि आपल्याला रडू येतंय याचा भयंकर राग आला.

“पी.टी. बाई,” मी म्हटलं, “ब्लँकेटची ती बाजू धरा.”

ओला कागद असतो तोवर तो कागद नसतोच, लगदाच असतो. आम्ही ब्लँकेट उचलून टाकीवर उलटं धरलं आणि तो चपकन आत पडला. मी हात कोपरापर्यंत घालून ढवळलं.

अहाहा पुढे धावला आणि त्याचा चांगला बूट पाण्यात गेला. “अहो, तो संग्रहासाठी घेणार होतो आम्ही,” तो म्हणाला. सून तर टाकीत डोकावून बघत होती, जणू अजून एखादा गुडघा वर येईल. “आई, तुम्ही काय केलंत हे?” नवरा म्हणाला, “दोन्ही ठेवले असते की, काय बिघडत होतं?” त्याला आयुष्यात कधी निवडावं लागलेलं नाही, म्हणून त्याला असे तोडगे सुचतात.

मी ठमाबाईला पुसलं, तिचा पापा घेतला आणि तिला नवऱ्याच्या हातात दिलं. “एक पान राहिलंय,” मी सांगितलं. “ते होईपर्यंत हे दार उघडायचं नाही.” अहाहा कोरडे मोजे शोधायला गेला होता. सुनेला मीच बाहेर काढलं. कडी लावली.

पहिल्या खेपेला चौकट वर आली आणि बाहेरून हाक आली, “अगं, हिचा डायपर कुठे असतो?” माझा हात हलला, कागद बिघडला. आम्ही तो टाकीत ढकलला. दुसऱ्या खेपेला, “अगं, ही काहीतरी चावतेय.” पुन्हा तेच. मग ठमाबाईचं रडं चढायला लागलं. माझं काळीज लक्कन हलतच होतं, ते काही माझ्या हातात नाही. पी.टी. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, “उचलूया.” त्या म्हणाल्या, “एक, दोन.” पाणी निथळायला लागलं. दार वाजलं. “अगं, ऐकतेस का? अगं.” मी जाळीकडे बघत राहिले. थांबून थांबून तो हाका मारत होता आणि पाणी थेंबाथेंबाने जाळीतून खाली जात होतं. मग सुनेचं दार उघडल्याचा आवाज आला, काहीतरी बोलाचाली झाली, आणि तो स्वतःशीच म्हणाला, “डायपर इथेच आहे की, मीच त्यावर बसलो होतो.” तोवर आमचा कागद उतरला होता.

पुस्तक वेळेत झालं. सून आठवडाभर माझ्याशी मोजकं बोलली आणि त्या रागात तिने प्रबंध संपवला. शेवटच्या प्रकरणात तिने लिहिलंय, की घरगुती ताणापायी कलावतीने स्वतःची सर्वोत्तम कृती नष्ट केली. मला वाचायला दिलं, मी एक शुद्धलेखनाची चूक दाखवून परत केलं. अहाहाने शब्द पाळला, फक्त दालन बदललं. मध्यभागी लहान पुस्तकं ठेवली आणि मोठं पुस्तक पानं सुटी करून मागच्या बोळात टांगलं, खिडक्यांसमोर, स्वच्छतागृहाकडे जाताना लागतं तिथे. खिडक्या मात्र मोठ्या होत्या, त्यामुळे मी भांडले नाही.

उद्घाटनाला आत सून माझ्यावर निबंध वाचत होती. मी सटकून बोळात आले, तर तिथे नवरा. ठमाबाई त्याच्या खांद्यावर झोपलेली आणि तो पानांपुढून येरझाऱ्या घालत होता. एव्हाना त्याला तिला धरता यायला लागलं होतं. शेवटच्या पानापाशी तो थांबला. मागून ऊन येत होतं आणि कागद काठापासून काठापर्यंत सारखा उजळला होता.

“मी खूप वेळ बघतोय,” तो हळूच म्हणाला. “यात खरंच काही नाही गं.”

“हा त्या दिवशीचा,” मी म्हटलं. “तू दार वाजवत होतास, तेव्हाचा.”

तो पुन्हा कागदाकडे बघायला लागला. वरपासून खालपर्यंत पाहिला, मग वाकून कडेने पाहिला. मग माझ्याकडे वळला.

“म्हणजे तुला आत ऐकू येत होतं?”

“प्रत्येक हाक,” मी म्हटलं, आणि टाळ्या सुरू झाल्या होत्या म्हणून आत गेले.